जागेवरून उठू नये

परीक्षेच्या सूचना मी वहीत मराठीत उतरवून घेतल्या होत्या. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. डोक्यावर काही असू नये. खोलीत दुसरं कुणी असू नये. बोलू नये, नजर पडद्यावरून हलवू नये आणि वेळ संपेपर्यंत जागेवरून उठू नये. मूळ इंग्रजीत प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ होतं. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना यात अवघड काही दिसलं नसणार. दीड तास एका जागी बसायचं, एवढंच तर मागितलं होतं.

कोर्स संख्याशास्त्राचा होता, परदेशातल्या एका विद्यापीठाचा. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्या जगातल्या कुणालाही फुकट. मी परभणीला बीएस्सी केलं, एमएस्सीचं पहिलं वर्ष निम्मं झालं आणि लग्न ठरलं. लग्नानंतर पूर्ण करू, असं बैठकीत सगळ्यांनी मान डोलवून कबूल केलं होतं. सात वर्षं झाली. या कोर्सच्या शेवटच्या परीक्षेत जे पास होतील त्यांना पुढचा वर्षभराचा वर्ग मिळणार होता, तोही फुकट, शिकवणारे पडद्यावर थेट समोर असणार होते, आणि त्यानंतर घरी बसून करता येईल असं आकडेवारीचं काम. परीक्षेच्या संधी दोनच. दोन्हीत नापास झालं की दार बंद. मला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता की मी त्याबद्दल घरात मोठ्यानं बोलतही नव्हते.

गावात ‘फुकट’ या शब्दावर कुणाचा विश्वास नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं की ते लोक पासबुकाचा नंबर मागत नाहीत ना. नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढलाच. कायतरी गोम असणार, असं त्या म्हणाल्या, आणि आता मला वाटतं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. पैसा सोडून ते सगळं मागतात. दार लावता येईल अशी खोली मागतात, न तुटणारं नेट मागतात, कुणी हाक मारणार नाही असे तास मागतात. आमच्याकडे बाईच्या वाट्याला यातलं एकही येत नाही.

आमचं गाव ताडकळसच्या जवळ. घरात नेट फक्त बैठकीच्या खोलीत येतं, कारण तिची खिडकी टॉवरच्या बाजूला आहे. आणि बैठक पुरुषांची. पाहुणा आला की तिथं बसतो, मामा, म्हणजे माझे सासरे, दुपारी तिथंच आडवे होतात. नवरा कापसाच्या हंगामात सेलूच्या एका जिनिंगवर असतो, शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो. त्यानं जुना लॅपटॉप आणून दिला आणि आईला फोनवर समजावलं, म्हणून लेक अंगणवाडीत गेली की मला बैठकीत बसायची मुभा मिळाली. मुभाच ती. कधीही काढून घेतली जाईल अशा बेतानं मी तिथं खुर्चीच्या कडेवर बसायची.

शिकायला मात्र फार मजा आली. शिकवणारी बाई माझ्याच वयाची होती. तिची उदाहरणं कळायची नाहीत. भुयारी रेल्वे किती मिनिटं उशिरा येते, पिझ्झा किती वेळात घरपोच होतो. मी मनातल्या मनात रेल्वेच्या जागी आमची पालमहून येणारी एसटी घालायची आणि गणित सोडवायची, फक्त उत्तर भलतंच मोठं यायचं. खाली चर्चेची जागा होती, तिथं जगभरातले विद्यार्थी लिहायचे. केनियातली एक नर्स कामावर जाताना बसमध्ये धडे ऐकायची. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातला एक मास्तर नेटसाठी रोज चर्चच्या गच्चीवर चढायचा. आम्हा तिघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळं आम्हाला एकमेकांचं नीट समजायचं. हळूहळू ती यादी विरळ होत गेली. तिथं कुणी नापास होत नाही, माणसं यायची थांबतात. एक दिवस नर्सनं लिहिलं की तिची कामाची पाळी बदलली आहे, आता जमणार नाही. त्या दिवशी मी घाबरले. पुढचा नंबर माझाच, असं वाटलं.

एका आठवड्यात आपल्या आसपासची तीस मापं गोळा करून त्यांचं वर्णन लिहायचं होतं. बाकीच्यांनी रोजची पावलं मोजली, कुणी कॉफीचे कप. आमच्याकडे शेरडं होती, सगळी मिळून एकतीस. मी आत्यांना म्हणाले की शेरडांची वजनं मिळाली असती तर बरं झालं असतं. मामांशी मी थेट बोलत नाही आणि तेही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना काही हवं असलं की ते हवेत बोलतात, “चहा झाला असला तर बघा जरा,” आणि ज्यानं समजायचं त्यानं समजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिंबाच्या फांदीला काटा टांगला, पोत्याची झोळी केली, आणि एकेक शेरडू झोळीत घालून वजन हवेत सांगायला सुरुवात केली. “अठरा. साडेअठरा. ही गाभण हाय, हिचं येगळं धरा.” मी मागं उभी राहून लिहून घेत होते. गाभण सोडून बरोबर तीस भरली. त्या कामाला मला पूर्ण गुण मिळाले.

तर असे मामा. खाष्ट नाहीत, आवाज चढवत नाहीत. पण घरात शिरताना ते खाकरतात. दारात आले की एकदा, घसा साफ केल्यासारखं. ते खाकरले की आम्ही उठतो आणि पदर डोक्यावरून पुढं ओढतो. हे मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आत्यांना पाहिलं आणि अंगात बसलं.

पहिली परीक्षा मंगळवारी होती. पदर कमरेला खोचला होता, डोकं मोकळं. पाठीमागं कोरी भिंत दिसावी म्हणून खुर्ची भिंतीला टेकवून, दाराकडं तोंड करून बसले होते. पडद्यावर वर कोपऱ्यात माझाच चेहरा दिसत होता. आमच्या घरी एवढा वेळ स्वतःचा चेहरा बघायची सवय कुणालाच नसते. चाळीस मिनिटं झाली, वीस प्रश्न झाले, आणि सगळे येत होते. आनंदानं मला गुदगुल्या होत होत्या. आणि दारात मामा खाकरले.

मी उठले. उठायचं ठरवलं नाही, विचार आला नाही. कळलं तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी होते, पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि मामा कोनाड्यातून काहीतरी घेऊन परत चाललेले. पाच सेकंदही झाले नसतील. बसले तर पडदा पांढरा झाला होता. त्यावर कृपया लिहून सांगितलं होतं की उमेदवारानं जागा सोडली, चेहरा झाकला आणि खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, म्हणून परीक्षा थांबवण्यात आली आहे. दुसरी आणि शेवटची संधी पंधरा दिवसांनंतर, दिवस आणि वेळ आपण निवडायची.

आत्या आत आल्या आणि विचारलं, एवढ्यात झालं का. मी म्हणाले, नेट गेलं.

हे खोटं का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मामांचं नाव घ्यायची भीती होती हे खरं. पण लाजही होती. शिकलेली बाई, आणि खाकरल्यावर खुर्चीतून उडते. हे कुणाला कळावं असं मला वाटत नव्हतं. खोटं मात्र चांगलंच अंगाशी आलं. मामांनी ते ऐकलं आणि ते तडक मोबाईलच्या दुकानात जाऊन रिचार्जवाल्याशी भांडून आले. लेकराच्या परीक्षेत नेट जातं म्हणजे काय, पैसे कशाचे घेता. मग खिडकीच्या वर खिळा ठोकून फोन ठेवायला कापडी पिशवी टांगली. मी ती पिशवी बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पंधरा दिवस मी अभ्यास कमी आणि न उठण्याचा सराव जास्त केला. हे वाचून कुणी हसलं तर हसू दे. स्वयंपाकघरात बसायची, दारात मामा खाकरायचे, आणि मनाशी म्हणायची, आता नाही उठायचं. प्रत्येक वेळी उठायची. गुडघे माझे नव्हतेच जणू.

शेवटी आत्यांना एवढं सांगितलं की या वेळी बैठकीत कुणी म्हणजे कुणी यायला नको.

“आन् मामा?” त्या म्हणाल्या. “त्यायच्याच बैठकीत त्यायला नका येऊ म्हणून कोण सांगल?”

मी सांगणार नव्हते. त्याही सांगणार नव्हत्या. नवरा फोनवर म्हणाला, आईला सांगायला लाव. मग आम्ही दोघींनी बायका करतात तेच केलं, वाट काढली. परीक्षेसाठी ताडकळसच्या बाजाराचा दिवस निवडला, अकराची वेळ. आत्यांनी आठवडाभर मामांच्या कानावर घातलं की दोन बोकड आता विकायला झालेत. बाजाराला गेले की मामा दिवस कलायच्या आत कधी परतत नाहीत. त्या दिवशी सकाळी ते बोकड टेंपोत घालून गेले. आत्या ओसरीवर दाराशी निवडायला तूर घेऊन बसल्या, आणि मी पदर खोचून, वर पिना लावून परीक्षेला बसले.

या वेळी प्रश्न अवघड होते. एक तास गेला. सत्ताविसाव्या प्रश्नावर होते तेव्हा बाहेर मोटारसायकल थांबली आणि दोन पुरुषांचे आवाज आले. एक मामांचा. दुसरा त्यांच्या एका सोयऱ्याचा, पालमकडचा. बाजारात भेट झाली होती, बोकड त्यानंच घेतले होते, आणि राहिलेली शेरडं बघायला तो घरी आला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की आत्या दाराशी आहेत, त्या काहीतरी करतील.

आत्यांनी काय केलं? सोयऱ्याला बघून त्या उठल्या, पदर ओढला आणि आत सरकल्या. दुसरं त्या काय करणार होत्या. मी त्या जागी असते तर तेच केलं असतं.

मामा खाकरले.

डाव्या हातानं मी खुर्चीची फळी खालून धरली. मांड्या उठायला लागल्या होत्या, मला ते स्पष्ट जाणवत होतं, आणि मी हातानं स्वतःला खाली ओढत होते. नजर पडद्यावर. पडद्याच्या वरच्या कडेला दोन धोतरं आत आलेली दिसत होती. एक लाल पट्टी आली, तिच्यावर लिहिलं होतं, ‘दुसरा आवाज ऐकू आला, पहिला इशारा’. तीन इशाऱ्यांनंतर परीक्षा बंद होणार होती. डोकं उघडं, पदर कमरेला, सासऱ्यासमोर आणि परक्या सोयऱ्यासमोर मी खुर्चीवर बसलेली. कान पेटले होते. एक शब्द बोलून सांगता आलं असतं की पेपर चालू आहे, पण मी बोलले की पुढचा इशारा ठरलेला होता.

सोयरा थांबला. मग तो म्हणाला, “सूनबाई लय शिकायल्यात वाटतं.” सरळ वाक्य होतं, पण म्हणण्याची तऱ्हा सरळ नव्हती. दुसरी लाल पट्टी आली.

धोतरं जागची हलली नाहीत. तो काळ किती होता हे मला सांगता येणार नाही, पडद्यावरच्या घड्याळात बघायची हिंमत झाली नाही. मग ते हळूच म्हणाले, “चला, शेरडं मागं हायत,” आणि धोतरं पडद्याच्या कडेवरून निघून गेली. तिसऱ्या पट्टीची मी वाट बघत राहिले. ती आली नाही. सत्ताविसाव्याचं उत्तर मी काय लिहिलं ते देवाला माहीत. उरलेले प्रश्न सोडवून, वेळ संपल्यावर, खुर्चीची फळी सोडली तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

आत्या म्हणाल्या, “बरं झालं न्हाई उठलीस.” आणि त्याच दमात, “पर पाव्हण्यासमोर उठायला पायजे व्हतं बाई.”

संध्याकाळी मामा भूक नाही म्हणाले, नुसतं दूध घेऊन झोपले. मी समजले. नंतरचे नऊ दिवस मी त्यांच्या पावलांकडं बघत काढले. जो माणूस एरवीही आपल्याशी बोलत नाही तो रागावून बोलत नाही, हे ओळखायचं कसं? ताट थोडं लवकर सरकवलं तर मला वाटायचं राग. पाणी मागितलं नाही तर वाटायचं राग. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, माफी मागून टाक ना, विषय मिटेल. कशाची, असं मी विचारलं, तर तो कापसाचे भाव सांगायला लागला, आणि मला त्याचाच राग आला. पण मनातून मी माफी मागायला तयार होते. सोयऱ्यासमोर मामांची मान खाली गेली ती माझ्यामुळं, असं मला वाटत होतं, आणि ते लेकराची परीक्षा म्हणून भांडून आले होते हे मी विसरू शकत नव्हते.

नवव्या दिवशी दुपारी निकाल आला. पास. काठावर नाही, चांगली पास. पुढच्या वर्गात नाव लागलं होतं. मी ते तीनदा वाचलं, रडले, तोंड धुतलं, आणि घाबरण्याच्या आत मागं शेरडांकडं गेले. मामा उकिडवे बसून सुबाभळीचा पाला फांदीवरून ओरबाडत होते.

“मामा, मी पास झाले,” मी म्हणाले. सात वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं सरळ वाक्य असेल ते.

“बरं झालं,” ते शेरडांना म्हणाले.

“त्या दिवशी पाव्हणे आलते, तवा मी उठले न्हाई. पेपर चालू व्हता. तुमाला राग आला आसंल.”

त्यांचा हात चालूच होता. “कवा?”

“बाजाराच्या दिवशी. तुमी दोघं आलतात तवा. मी खुर्चीवर बसूनच ऱ्हायले.”

“मला काय ठाव,” ते म्हणाले. “मी कवा बघतो तुज्याकडं? सासऱ्यानं सुनंकडं बघू न्हाई. मी भिंतीकडं बघत असतो.”

मला हायसं वाटायला हवं होतं. मला संताप आला. सात वर्षं मी कणकेचे हात तसेच घेऊन उठले होते, लेक अंगावर पीत असताना तिला तोडून उठले होते, बाळंतपणाच्या टाक्यांनिशी उठले होते. ते बघणारं कुणी नव्हतंच. ते भिंतीकडं बघत होते आणि मी पदराच्या आत जमिनीकडं. माझा पहिला पेपर गेला तो कुणाच्याही डोळ्यांसाठी गेला नव्हता.

“मागल्या बारीला नेट गेलं नव्हतं,” मी म्हणाले. “तुमी खाकरलात म्हणून मी उठले. त्यानं पेपर बंद पडला.”

आता त्यांचा हात थांबला. एक शेरडू पुढं येऊन हातातला पाला ओढायला लागलं, तो त्यांनी ओढू दिला.

“म्या चष्मा न्यायला आलतो,” ते म्हणाले. आणि मग, “खाकरतो ते तुमाला तरास नको म्हणून. आत बायका निवांत असत्यात, एकदम कसं शिरायचं, म्हणून.”

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मोतीबिंदू पिकायला आलेले डोळे होते, हे मला तेव्हा कळलं.

“फुडचा वर्ग कवा?”

“सोमवारपासून. रोज अकराला. बैठकीत.”

“मंग अकराला मी येत न्हाई तिकडं.”

“तुमी या,” मी म्हणाले. “मी उठणार न्हाई.”